व्हॅक्सिन डेपोची जमीन

बेळगावला झाडांचे गाव म्हणण्याची आपली जुनी सवय आहे. ती झाडे नेमकी कुठे आहेत, हे मात्र आपण पाहत नाही. कॅम्पात आहेत, किल्ल्याच्या आसपास आहेत, टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत आहेत. शहापूर-वडगावच्या नव्या वसाहतींत ती शोधावी लागतात. हा फरक तिथल्या माणसांच्या आवडीनिवडीचा नाही. त्या जमिनीवर पूर्वी काय चालत असे, त्याचा आहे.

किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची, बिचिराजाने बांधलेली. आम्ही जैन मंडळी दर्शनाला जातो ती आजही मोठ्या झाडांखालून. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला आणि पुढे छावणी वसली. छावणीला कवायतीचे मैदान हवे, साहेबाच्या बंगल्याला ऐसपैस आवार हवे. त्या जमिनीचे गुंठे पडले नाहीत, म्हणून झाडांना म्हातारे होता आले. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. पेठ विणकरांची, घराला घर लागून, आणि भोवतालचे शिवार भाताचे. भाताला सावली चालत नाही. झाड राहिले तर बांधावर. पुढे शिवारात प्लॉट पडले, तेव्हा राखण्याजोगे झाडच फारसे नव्हते. बासमतीचा वास होता, तो गेला.

डेपोची गोष्ट निराळी, आणि आम्हा डॉक्टरांना जवळची. विसाव्या शतकाच्या आरंभी देवीची लस तयार करण्यासाठी ही संस्था इथे निघाली. वासराच्या अंगावरचे केस काढायचे, कातडी ओरखडून त्यात लशीचे बीज सोडायचे, काही दिवसांनी फोड उठले की खरवडून लस काढायची. हे लिहिताना माझ्यासारख्याचा हात आखडतो. पण माझ्या दंडावरचे व्रण अशाच लशीचे आहेत, आणि तिने किती जणांचे डोळे वाचवले याची मोजदाद नाही. उष्णतेने ही लस लवकर निकामी होई. अडीच हजार फुटांवरची आपली थंड हवा तिला मानवणारी होती. वासरांना गोठे, चारा आणि मोकळे रान लागे, तेही वस्तीपासून दूर.

भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला. १९८० मध्ये रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले. वासरे गेली, रान राहिले. बाग म्हणून ते कुणी आखलेले नव्हते.

त्यामुळेच योजना आखणाऱ्यांना ती ‘मोकळी जागा’ दिसते. स्मार्ट सिटीची कामे तिथे येऊ लागली तेव्हा नागरिकांना विरोधाला उभे राहावे लागले. मला तो शब्दच खटकतो. जिथे सत्तरएक वर्षे लस तयार झाली, ती जागा मोकळी कशी? पण हे सांगायला त्या जमिनीचा इतिहास ठाऊक असावा लागतो, आणि तो आपणच मुलांना सांगितलेला नाही. रक्तदाबाच्या एका रुग्णाला मी परवा म्हटले, रोज सकाळी डेपोत फिरायला जा. सोबत आलेल्या नातवाने विचारले, “डॉक्टर, तिथे कुठल्या बस लागतात?”