समुद्राची रोजकीर्द : मुंबईच्या प्रवाळांचा नोंदीविना राहिलेला इतिहास

1/ दादर वा गिरगावातल्या कोणत्याही सराफाकडे पोवळे मागा, मिळेल. मंगळाचे रत्न म्हणून आपण ते पिढ्यान्‌पिढ्या अंगठीत घालत आलो. ते लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले. पण प्रवाळ हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरही राहतात, हे बहुतेक मुंबईकरांना कळले ते त्यांना तेथून हलवण्याची वेळ आली तेव्हा. आजचा थ्रेड त्या उशिरा लागलेल्या शोधाविषयी.

2/ प्रथम थोडी ओळख. प्रवाळ दिसतो दगडासारखा, पण तो प्राणी आहे. असंख्य सूक्ष्म जीव चुन्याची घरे बांधून वसाहत करतात. उष्ण समुद्रातील बहुतेक भित्तीकारक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि ते प्रवाळाला अन्न पुरवते. पाणी फार तापले की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. ताप लांबला, तर प्रवाळ उपाशी मरतो.

3/ लक्षद्वीपसारखी प्रवाळभित्ती मुंबईत नाही. येथील पाणी गढूळ, खडक काळ्या पाषाणाचा. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खळग्यांत आणि कपारींत छोट्या वसाहती चिकटलेल्या असतात. त्यांतील काही प्रकार शैवालाविना जगतात आणि स्वतःच भक्ष्य पकडतात. आकाराने लहान, रंगाने मातकट, म्हणून नजरेआड. तरीही कायद्याच्या दृष्टीने त्यांचे मोल मोठे आहे : 2001 पासून सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघही त्याच अनुसूचीत आहे.

4/ आता इतिहासाकडे वळू. मुंबईने समुद्र मोजला नाही असे नाही, खूप मोजला. पण तो बुजवण्यासाठी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महालक्ष्मी ते वरळी असा हॉर्नबी वेलार्डचा बांध पडला. तो बांधताना समुद्रातून देवींच्या मूर्ती निघाल्या, ही महालक्ष्मी मंदिराची आख्यायिका आजही सांगितली जाते. त्या खडकांवर आणखी काय होते, हे मात्र कोणत्याच आख्यायिकेत आले नाही.

5/ 1920 च्या दशकात बॅकबे भराव योजना गाजली. खर्च आवाक्याबाहेर गेला, वीर नरिमन यांनी गैरकारभार चव्हाट्यावर आणला, चौकशी झाली. त्या वादात पैशाचा, गाळाचा आणि भिंतीचा हिशेब मागितला गेला. पाण्याखालच्या जिवांचा हिशेब मागावा, असे त्या काळाच्या राजकारणाला सुचणे कठीणच होते.

6/ त्याच दशकाच्या अखेरीस, 1928-29 मध्ये, ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक तुकडी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर लो आयल्स या लहानशा बेटावर सुमारे वर्षभर राहिली. सी. एम. याँग हे तिचे प्रमुख. त्यांनी खडकांचे नकाशे काढले, जीव नोंदवले. पुढे सुमारे नव्वद वर्षांनी संशोधक त्याच जागी परतले आणि काय उरले, काय गेले, हे ताडून पाहू शकले. जुनी नोंद होती म्हणूनच हे शक्य झाले.

7/ प्रवाळांच्या निरीक्षणाचे सूत्र एवढेच आहे : तीच जागा, तीच पद्धत, पुनःपुन्हा. खडकावर ठरावीक लांबीची फीत अंथरायची, तिच्याखाली काय येते ते मोजायचे : जिवंत प्रवाळ किती, मृत किती, शैवाल किती, जाती कोणत्या. चौकट ठेवून छायाचित्रे घ्यायची. पाण्याचे तापमान टिपायचे. पुढच्या वर्षी पुन्हा तेथेच जायचे. काम कंटाळवाणे आहे, आणि ते खंडित झाले तर त्याचे मोल उतरते.

8/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. बखर घडून गेल्यावर, आठवणीवर लिहिली जाते. रोजकीर्द त्या त्या दिवशी लिहिली जाते. बखर रसाळ असते, पण तारीख आणि आकडा पडताळायचा तर आपण दफ्तरच उघडतो. मुंबईच्या समुद्राच्या बखरी पुष्कळ आहेत. उणीव आहे ती रोजकीर्दीची.

9/ रोजकीर्द असली की काय दिसते, याचे उदाहरण लक्षद्वीपचे. 1998 च्या उष्णतेच्या लाटेनंतर तेथे सुरू झालेली मोजणी दोन दशकांहून अधिक काळ चालली. त्या बेटांवरील जिवंत प्रवाळांचे आच्छादन सुमारे 37 टक्क्यांवरून 20 टक्क्यांच्या आत आले. 1998, 2010 आणि 2016 या प्रत्येक तडाख्यानंतर प्रवाळ सावरू पाहत होते. सावरायला मिळणारा अवधी अपुरा पडत गेला. एकाच भेटीत हे कुणालाही दिसले नसते.

10/ आपल्या किनाऱ्यावर नोंदी झाल्याच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून काम करते आहे. 1979 मध्ये कासिम आणि वाफर यांनी पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे प्रसिद्ध केले. 1987 मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. विजयदुर्गच्या पश्चिमेला भर समुद्रात, कान्होजी आंग्रे यांच्या आडनावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवर 2019 मध्ये मोहीम गेली. प्रयत्न मोलाचे, पण एकेका वेळचे.

11/ आणि मुंबई? मी लालबागचा. आमचा समुद्राशी संबंध मुख्यतः अनंत चतुर्दशीचा, गिरगाव चौपाटीचा. 2013 च्या विसर्जनात त्याच चौपाटीवर कित्येक भाविकांना पाकट माशांनी दंश केला आणि शहर चकित झाले : येथे पाकट आहेत? 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाचे स्वयंसेवक ओहोटीला लोकांना खडकांवर नेऊ लागले आणि जे दिसेल ते छायाचित्रांसह नोंदवू लागले. प्रवाळही त्यांत होते.

12/ त्याच सुमारास सागरी किनारा मार्गाचे काम आले. 16 जुलै 2019 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याची किनारा नियमन मंजुरी रद्द केली आणि वन्यजीव कायद्याखालील परवानगीही आवश्यक ठरवली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. काम पुन्हा सुरू झाले. प्रवाळांचा प्रश्न मात्र सरकारी कागदावर आला होता.

13/ 2020 च्या अखेरीस, समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली, वरळीच्या वसाहती जवळच्याच खडकांवर आणि हाजी अलीच्या वसाहती कुलाब्याला नेव्ही नगरच्या किनाऱ्यावर हलवण्यात आल्या. बहुतांश जगल्याचे पुढे जाहीर झाले. हे कौतुकास्पदच आहे. पण अभ्यासकाने विचारावे : ‘बहुतांश’ कशाचे? हलवलेल्यांचे. त्या किनाऱ्यावर 1950 मध्ये किती होते, 1990 मध्ये किती होते, हे सांगणारी सलग मोजणी आपण केली नाही. आपली मोजणी सुरू होते ती स्थलांतराच्या दिवसापासून.

14/ मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी 1995 मध्ये या दोषावर नेमके बोट ठेवले. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेला समुद्रच मूळ समुद्र मानते. त्यामुळे घट कुणालाच पूर्ण जाणवत नाही. ती हप्त्याहप्त्याने विसरली जाते.

15/ या विस्मरणाला एक अपवाद आहे : कोळीवाडा. कुठल्या खडकावर कालवे मिळतात, कुठल्या खाचेतून होडी निघते, हे वरळीचे कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. आपल्या होड्यांच्या वाटेसाठी ते लढले आणि डिसेंबर 2022 मध्ये तेथील पुलाच्या खांबांमधील अंतर 60 वरून 120 मीटर करण्याचा निर्णय झाला. अनुभवाचे ज्ञान आराखडा बदलू शकते. ते लिहूनही घेतले पाहिजे.

16/ म्हणून शेवटी एक विनंती. घरच्या जुन्या अल्बममध्ये हाजी अली, ब्रीच कँडी वा वरळीचा ओहोटीतला फोटो असेल, तर त्याच्या मागे वर्ष आणि जागा लिहून ठेवा. आजी-आजोबांना त्या खडकांवर काय दिसत असे, ते विचारा आणि टिपून घ्या. यंदाच्या हिवाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला कुणा जाणत्यासोबत खडकांवर जा. पाय जपून टाका, काही उचलू नका, फक्त तारखेसह फोटो घ्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेथेच जा. रोजकीर्दीचे पहिले पान असेच लिहिले जाते.

(समाप्त)