पर्यायशब्द आणि अर्थच्छटा : इंग्रजीतील एका परंपरेचा इतिहास

'आस्क', 'क्वेश्चन' आणि 'इंटरॉगेट' या तिन्ही इंग्रजी क्रियापदांना 'विचारणे' हा एकच प्रतिशब्द देऊन आपण पुष्कळदा मोकळे होतो. परंतु वाटसरू रस्ता विचारतो तेथे 'आस्क' येते, एखाद्याच्या विधानावर शंका घेतली जाते तेथे 'क्वेश्चन', आणि संशयिताला अधिकाराने खोदून विचारले जाते तेथे 'इंटरॉगेट'. यांतील पहिला शब्द जुन्या इंग्रजीतला, दुसरा फ्रेंचमधून आलेला, तिसरा लॅटिनमधून घेतलेला आहे. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर दरबारात फ्रेंच आली. पुढे प्रबोधनकाळात विद्वानांनी लॅटिन शब्द मुक्तपणे उचलले. एकाच अर्थाभोवती असे दोन-तीन शब्द जमले, आणि त्यांतील बरेच शब्द अर्थाची वाटणी करून टिकले.

या वाटणीची नोंद मात्र उशिरा झाली. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या कोशाच्या प्रस्तावनेत शब्द क्वचितच पूर्णतः समानार्थी असतात असे मान्य केले होते. पण एका शब्दाचा अर्थ दुसऱ्याने सांगणे कोशकाराला चुकत नाही. फ्रेंचमध्ये आबे जिरारने १७१८ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. त्याच्याच आधाराने जॉन ट्रस्लरने १७६६ मध्ये इंग्रजी शब्दांचे भेद सांगितले.

१७९४ मध्ये हेस्टर लिंच पियोझी यांचा 'ब्रिटिश सिनॉनिमी' हा द्विखंडात्मक ग्रंथ आला. त्या जॉन्सनच्या दीर्घकाळच्या स्नेही. त्यांचे दुसरे पती इटालियन संगीतकार होते. शुद्ध लेखन पुरुषांनी शिकवावे, पण रोजच्या संभाषणातील शब्दनिवड स्त्री सरावाने दाखवू शकते, अशी त्यांची विनम्र भूमिका होती. आम्हांला हा विनय फसवा वाटतो. कोणता शब्द कुठे शोभतो याचा निवाडा त्यांनी व्युत्पत्तीकडून काढून बोलणाऱ्यांच्या कानाकडे सोपवला. १८१६ मध्ये जॉर्ज क्रॅबने पुन्हा व्युत्पत्तीला महत्त्व दिले. १८५१ मध्ये एलिझाबेथ जेन व्हेटली यांचे समानार्थी शब्दांवरील पुस्तक निघाले, तेव्हा त्यावर संपादक म्हणून वडील रिचर्ड व्हेटली यांचे नाव होते, लेखिकेचे नव्हते.

पुढच्याच वर्षी, १८५२ मध्ये, पीटर मार्क रोजेचा 'थिसॉरस' प्रसिद्ध झाला. हजार शीर्षकांखाली त्याने शब्दांचे गट लावले. अर्थभेद सांगितले नाहीत. ती अभ्यासाची वेगळी शाखा असून आपण तीत शिरत नाही, असे त्याने प्रस्तावनेतच सांगितले होते. शब्द वाचकाला ठाऊक असतात, त्याला फक्त आठवण हवी असते, हे त्याचे गृहीतक होते. कालांतराने याद्या सर्वत्र पोचल्या आणि गृहीतक विसरले गेले.

त्याची किंमत आपल्या वर्गांत मोजावी लागते. 'समानार्थी शब्द लिहा' या प्रश्नात यादीला गुण मिळतात; भेद विचारला जात नाही. वास्तविक मराठीचा इतिहासही असाच थरांचा आहे. आपण कचेरीत अर्ज करतो, स्नेह्याला विनंती करतो, देवाची प्रार्थना करतो. मागणे एकच, पण अर्ज अरबी-फारसीतून आला, प्रार्थना संस्कृतातून, आणि विनंती घरात रुळलेली. तिन्हींची अदलाबदल केली तर मागणारा आणि देणारा यांचे नातेच बदलते. कवितेचे वा कादंबरीचे भाषांतर तपासताना आम्ही प्रथम हेच पाहावे असे सुचवू: प्रतिशब्द योग्य आहे का, यापेक्षा तो शब्द मूळ भाषेत कोण, कोणाशी वापरतो.