जीसीसीच्या पोटातलं ढमढेरे नाव

आज थोडं काळ्या स्क्रीनबद्दल बोलूया. नाशिकमधल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये जा. कोणीतरी 'मेक' टाइप करतं, एंटर मारतं, ओळी सरसर वर जातात आणि प्रोग्राम तयार. या ओळींकडे कोणी बघत नाही. एरर आली तरच बघतात, तीही शेवटची.

'मेक' आलं 1976 मध्ये, अमेरिकेतल्या बेल लॅब्समधून. स्टुअर्ट फेल्डमन यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एकदा वैतागून त्यांच्या खोलीत आले. अख्खी सकाळ ते एका प्रोग्राममधली चूक शोधत होते. चूक तर आधीच दुरुस्त झाली होती, फक्त ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती! म्हणून फेल्डमननी असं टूल लिहिलं जे फाइलींच्या वेळा बघतं आणि जुनं झालेलं तेवढंच परत बांधतं. (मेकफाइलमध्ये स्पेस चालत नाही, टॅबच लागतो, हे दुखणंही तेव्हाचंच. चूक लक्षात आली तोवर डझनभर लोक ते वापरायला लागले होते, त्यांची गैरसोय नको म्हणून तसंच ठेवलं. त्या डझनभरांपायी आपण आजही टॅब शोधतोय.)

पण मेक स्वतः काही कंपाइल करत नाही. ते काम कंपायलरचं. लिनक्सवर बहुतेक वेळा जीसीसी, म्हणजे रिचर्ड स्टॉलमन यांनी 1987 मध्ये सगळ्यांसाठी खुला केलेला कंपायलर. तुमच्या अँड्रॉइड फोनमधला लिनक्स कर्नलसुद्धा वर्षानुवर्षे जीसीसीनेच बांधला जायचा. आता गूगल क्लँग वापरतं, ते सोडा.

जीसीसीचा सोर्स उघडा. त्यात 'जीसीएसई' नावाची एक फाइल आहे, 1997 पासूनची. वरच्या कॉमेंटमध्ये, हे लिहिताना कोणकोणते शोधनिबंध चाळले, त्याची यादी आहे. त्या यादीत डी. एम. ढमढेरे हे नाव एकदा नाही, अनेकदा येतं. 1988 चा एक निबंध, 1991 चा एक. हे ढमढेरे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक होते.

आता काम काय होतं ते सांगतो. समजा, कांद्याच्या बाजार समितीला दोन गेट आहेत. पहिल्या गेटवर ट्रॅक्टरचं वजन होतं, दुसऱ्यावर होत नाही. पुढे ऑफिसपाशी मात्र सगळ्यांचंच वजन करतात. म्हणजे पहिल्या गेटने आलेल्याचं दोनदा झालं. ऑफिसचा काटा काढून टाकला तर दुसऱ्या गेटचे तसेच सुटतात. मग काटा दुसऱ्या गेटवर बसवा आणि ऑफिसचा काढा. प्रत्येकाचं वजन बरोबर एकदाच. प्रोग्राममध्ये हेच गणिताचं होतं, एका वाटेने आलं तर तेच गणित दोनदा. 1979 मध्ये मोरेल आणि रेनव्हॉइज या फ्रेंच जोडीने यावर पद्धत दिली.

खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या गेटने आत येणारे काही ट्रॅक्टर ऑफिसला जातच नसतील, सरळ गोदामाकडे वळत असतील तर? गेटवर काटा लावला की त्यांचं उगाच वजन होणार. ढमढेरेंच्या 1988 च्या पद्धतीत काटा गेटवर नाही, तर त्या गेटपासून ऑफिसकडे जाणाऱ्या रस्त्यावर बसतो. कंपायलरच्या भाषेत, ब्लॉकमध्ये नाही तर दोन ब्लॉकना जोडणाऱ्या कडेवर. ऐकायला साधं वाटतं, पण यामुळे जुन्या पद्धतीतून निसटणारी पुनरावृत्ती पकडता येते. त्याच वर्षी ड्रेक्स्लर आणि श्टाडेल यांचाही निबंध आला होता. तोही त्या यादीत आहे. श्रेय एकट्याचं नाही, पण हिस्सा चांगलाच मोठा आहे.

आणि हेच ढमढेरे पुणे विद्यापीठाच्या पोरांना वेगळ्याच कारणाने माहीत आहेत! एसपीओएसचं पुस्तक. 'मूव्हर एरेग' आठवतंय? जगातल्या कुठल्याही खऱ्या प्रोसेसरवर न चालणारी ती सूचना त्यांच्याच पुस्तकातल्या काल्पनिक मशीनची. मी बीटेक, पण माझे बीई झालेले मित्र टू-पास असेंब्लरच्या असाइनमेंटला अजून शिव्या देतात. बरेच जण स्पेलिंग वाचून 'धामधेरे' म्हणतात. अरे, तळेगाव ढमढेरे मधलं ढमढेरे!

मला खटकतं ते हे. टूल्स बाहेरचे लोक बनवतात, आपण फक्त वापरतो, असं आपल्याकडे अगदी सहज बोललं जातं. मग ज्याचं पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतो, त्याचंच नाव कंपायलरच्या सोर्समध्ये आहे हे कोणी सांगत का नाही?

पुढची कडीही पवईतच आहे. ढमढेरेंचे विद्यार्थी उदय खेडकर. 1994 मध्ये दोघांनी मिळून या विश्लेषणाचा व्यापक सिद्धांत मांडला. नंतर खेडकरांनी आयआयटी मुंबईत जीसीसी रिसोर्स सेंटर चालवलं आणि जीसीसी आतून कसा चालतो हे शिकवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. जीसीसीचा सोर्स लाखो ओळींचा आहे. एकट्याने घुसलात तर पहिल्याच दिवशी हरवाल.

हे सगळं बघायला पीएचडी लागत नाही. जीसीसीचा सोर्स डाउनलोड करा, टर्मिनलवर ग्रेप चालवा आणि ढमढेरे शोधा, इंग्रजी स्पेलिंगने. 2022 मध्ये फाइलचं एक्स्टेन्शन 'सी'चं 'सीसी' झालंय, तेवढं लक्षात ठेवा.