यंत्र थांबले असता

२५ जुलै २०२२ रोजी उजनी जलाशयास लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात, कडबनवाडीच्या शिवारात, बारामतीच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेचे एक लहान विमान उतरले. यंत्राची शक्ती गेल्याने त्यास शेताचाच आश्रय घ्यावा लागला. शिकाऊ वैमानिक युवती सुदैवाने बचावली. यंत्र बंद पडल्यावरही विमान दगडासारखे कोसळत का नाही, असा प्रश्न यावरून सहजच मनात येतो. त्याचे उत्तर पहिल्या महायुद्धातील लढाऊ वैमानिकांनी फार मोठे मोल देऊन मिळविले आहे.

त्या वैमानिकांत मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर हे एक होते. केंब्रिज येथे शिकलेले हे तरुण १९१८ साली ब्रिटिश हवाई दलाच्या २३ क्रमांकाच्या तुकडीत ‘सॉपविथ डॉल्फिन’ जातीचे विमान चालवीत. या विमानाचे २०० अश्वशक्तीचे हिस्पानो-सुइझा यंत्र वेगवान खरे. परंतु त्यातील दंतचक्रे वारंवार दगा देत. शिवाय वैमानिकाचे मस्तक वरच्या पंखाच्या पोकळीतून बाहेर येई. नांगरटीत चाके रुतून विमान उलटले, तर पहिला आघात मस्तकावरच. आणि हवाई छत्री तर त्या काळी ब्रिटिश विमानांतील वैमानिकांस दिलीच जात नसे! यंत्र थांबले की जमिनीवर नीट उतरणे, एवढाच काय तो तरणोपाय.

ही उतरण्याची विद्या थोडक्यात अशी. विमानास आधार यंत्राचा नव्हे, पंखांवरून वाहणाऱ्या वाऱ्याचा असतो. आणि तो वारा वेगामुळे मिळतो. म्हणून यंत्र थांबताच विमानाचे नाक प्रथम खाली करावे आणि उंची खर्चून वेग राखावा. हाताशी उंची असेल तर मोकळे शेत निवडावे, धुरावरून वाऱ्याची दिशा ओळखावी व वाऱ्यासमोर उतरावे. जमीन जवळ येताच इंधन व ठिणगी दोन्ही बंद करावीत, म्हणजे आगीचे भय कमी होते. परंतु उड्डाण करताच यंत्र थांबले, तर मागे फिरून धावपट्टी गाठण्याचा मोह टाळावा. वळणात वेग जातो, पंखांचा आधार सुटतो आणि विमान गिरक्या घेत कोसळते. या एका मोहाने कित्येक उमदे तरुण नाहीसे झाले. समोर जी जमीन असेल, तीच आपली मानावी.

पुढे १९४२ पासून भारतीय हवाई दलास ‘हरिकेन’ विमाने मिळाली. त्यांची चाके पोटात घेता येत. खडबडीत रानात ती तशीच मिटलेली ठेवून विमान पोटावर घसरवीत उतरवीत. विमान मोडे, पण माणूस वाचे.

वेलिणकरांचा घात मात्र यंत्राने केला नाही. २७ जून १९१८ रोजी ते गस्तीवर गेले ते परतले नाहीत. ३० जून रोजी जर्मनांच्या ताब्यात असता त्यांचे देहावसान झाले. फ्रान्समधील हांगार येथे त्यांची समाधी आहे.

मागे वळण्याचा मोह किती अनावर असतो, हे आपणा काठच्या कुटुंबांस निराळे सांगावयास नको. १९८० साली धरण पुरे झाले. ज्यांची घरे, देवळे आणि काळी आई भीमेच्या पाण्याखाली गेली, त्यांना परतण्यास ठिकाणच उरले नाही. समोर मिळालेल्या माळावरच त्यांनी संसार उतरविला. हानी झाली, परंतु माणसे सावरली. आपल्या तरुणांपैकी कोणी वैमानिक होवो वा न होवो, संकटसमयी वस्तूपेक्षा जीव मोलाचा मानण्याचे हे धैर्य त्यांनी अवश्य शिकावे.