पुणे शहरातील घरगुती टाकाऊ वस्तू व त्यांवरील हक्क

नगरांच्या इतिहासात पाणीपुरवठा, रस्ते व बाजारपेठा यांना जे स्थान मिळाले, ते घरातून बाहेर पडणाऱ्या टाकाऊ वस्तूंना मिळालेले नाही. कचरा हा आरोग्यखात्याचा विषय मानला गेला आणि इतिहासकाराने त्याकडे पाठ फिरविली. वस्तुतः एखादी वस्तू टाकाऊ केव्हा ठरते, ती टाकल्यावर कोणाची होते आणि तिच्यातील शिल्लक मूल्य कोणाच्या हाती जाते, हे प्रश्न आर्थिक व सामाजिक इतिहासाचे आहेत. पुणे शहराच्या उदाहरणावरून त्यांचा विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

जुन्या पुण्यातील वाड्यांतून टाकण्याजोगे असे फारच थोडे निघत असे. चुलीतील राख भांडी घासण्यास लागे. नारळाच्या शेंड्यांची घासणी होई आणि करवंटीचा डाव. विटलेल्या लुगड्याचे धडुते गोधडीत जाई व गोधडी विरली की तिचे पोतेरे होई. रॉकेलचा रिकामा डबा धान्य साठविण्यास किंवा कापून सुपलीसारखा वापरण्यास उपयोगी पडे. वस्तूचा उपयोग असा पायरीपायरीने खाली उतरत असे आणि अखेरच्या पायरीवर उरे ती बहुधा मातीत मिसळून जाणारी गोष्ट.

जे घरात खपत नसे त्याला दारावर गिऱ्हाईक असे. बोहारीण जुने कपडे घेऊन त्यांच्या मोबदल्यात भांडी देई. जरीपुराणेवाला जुन्या शालू-पैठण्यांचे काठ विकत घेई. ते जाळून त्यांतील चांदी काढली जाई. रद्दीवाल्याने तोलून नेलेला कागद वाण्याच्या दुकानात पुड्या बांधण्यासाठी परत येई. मोडकी हत्यारे, कुलपे व लोखंडी सामान बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात पोहोचे. या सर्व व्यवहारांत एक गोष्ट समान आढळते. वस्तू हातातून सुटण्यापूर्वी तिचे मोल ठरत असे आणि ते ठरविताना घरातील स्त्री व दारावरची बोहारीण यांत घासाघीस होत असे. टाकाऊ वस्तूवर गृहस्थाचा मालकीहक्क आहे, हे दोन्ही पक्षांना मान्य होते.

तथापि या व्यवस्थेस काटकसरीचे सुवर्णयुग समजणे इतिहासाला धरून होणार नाही. तिचा एक आधार घरातील स्त्रियांचे बिनमोल श्रम हा होता. दुसरा आधार जातिव्यवस्था हा होता. ज्या घाणीला मोल नव्हते, ती उचलण्याचे काम विशिष्ट जातींवर जन्मानेच लादलेले होते. विकाऊ टाकाऊपणाला दारावर किंमत मिळे, तर न विकणाऱ्या टाकाऊपणाची सारी अप्रतिष्ठा ती उचलणाऱ्याच्या माथी येई.

पुण्यात नगरपालिका १८५८ साली स्थापन झाली व १९५० साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. नागरी कायद्याने कचऱ्याकडे प्रथमतः उपद्रव म्हणून पाहिले. तो गोळा करणे, वाहून नेणे आणि वस्तीपासून दूर टाकणे हे पालिकेचे कर्तव्य ठरले. सार्वजनिक कुंडीत पडलेली वस्तू पालिकेच्या मालकीची होते, हे तत्त्वही नगरपालिकांच्या कायद्यांत रूढ झाले. परिणामी मालकीच्या दृष्टीने कुंडी ही सीमारेषा बनली. तिच्या अलीकडे वस्तू गृहस्थाची आणि पलीकडे पालिकेची. कुंडीत वाकून वस्तू वेचणाऱ्या व्यक्तीला मात्र कोठेच स्थान उरले नाही.

१९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून व इतर अवर्षणग्रस्त भागांतून अनेक कुटुंबे पुण्यात आली. त्यांतील पुष्कळ स्त्रिया, विशेषतः मातंग व इतर दलित जातींतील, कचरावेचक झाल्या. याच सुमारास प्लास्टिकचा प्रसार वाढू लागला आणि घरातून बाहेर पडणाऱ्या कचऱ्याचे स्वरूप पालटले. कागद, काच, पत्रा व प्लास्टिक वेचून भंगाराच्या दुकानात विकणे हा एक नवा धंदा उभा राहिला. बोहारीण दारावर येई; कचरावेचक स्त्री कुंडीपाशी थांबली. पहिलीशी गृहस्थाचा व्यवहार होता, दुसरीला तो ओळखतही नव्हता. कुंडीपाशी तिच्या वाट्याला आली ती चोरीची शंका, पोलिसांचा जाच आणि भंगार दुकानदाराचे कर्ज.

या स्थितीला वळण मिळाले ते १९९० नंतर. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कार्यातून पौर्णिमा चिकरमाने व लक्ष्मी नारायण यांचा या स्त्रियांशी संबंध आला. कचरा घरातच वेगळा केला तर स्वच्छ भंगार मिळते आणि कुंडीत हात घालावा लागत नाही, हे प्रयोगाने दिसून आले. परंतु हेच काम वाहने घेऊन करू पाहणारे व्यावसायिकही पुढे सरसावले, तेव्हा उपजीविकेचा प्रश्न तीव्र झाला. १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. हमाल पंचायतीचा अनुभव तिच्या पाठीशी होता. पंचायतीची पहिली मागणी ओळखपत्राची होती, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मजुरीवाढीच्या आधी, आपण करतो ते काम आहे, ही मान्यता तिला हवी होती.

या मागणीला पुढे आकड्यांचे बळ मिळाले. चिकरमाने, देशपांडे व नारायण यांनी २००१ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेसाठी केलेल्या अभ्यासात असे अनुमान काढले की, प्रत्येक कचरावेचक दरमहा सुमारे २४६ रुपयांचे विनामूल्य श्रम नगरपालिकांना देते. ज्यांना अतिक्रमण करणारे समजले जात होते, त्या पालिकेचा वाहतूकखर्च वाचवीत होत्या, हे यातून स्पष्ट झाले. २००२-०३ मध्ये पुणे महानगरपालिकेने कचरावेचकांसाठी वैद्यकीय विमा सुरू केला, तो याच भूमिकेला धरून.

केंद्र सरकारच्या २००० च्या घनकचरा नियमांनी घरोघर जाऊन कचरा गोळा करण्याचा दंडक घातला. या नियमांत कचरावेचकांना एकाच वेळी संधी व धोका दोन्ही होते. घराचे दार कंत्राटदाराच्या हाती गेले असते, तर कुंडीही नाहीशी होऊन वेचणे संपले असते. पुण्यात २००८ साली ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार केला. त्यान्वये सभासद स्त्रिया घरोघरी कचरा घेतात, घरांकडून थेट शुल्क स्वीकारतात आणि भंगाराचे उत्पन्न आपल्याकडे ठेवतात. भंगारावरील त्यांचा हक्क हे या व्यवस्थेचे मर्म होय. २०१६ च्या नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे तत्त्व देशभर मान्य केले; पुण्याचा अनुभव तत्पूर्वीचा आहे.

या यशाच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. करार मुदतीचा असतो, म्हणून हक्क प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा सिद्ध करावा लागतो. भंगाराच्या भावातील चढउतार वेचणाऱ्याच्याच अंगावर पडतो. एकमेकांना चिकटलेल्या थरांच्या वेष्टनांना व वापरलेल्या सॅनिटरी पॅडना भंगारात किंमत नाही. ते उचलताना जुनीच अप्रतिष्ठा नव्या रूपात समोर येते. कचरा डेपोविरुद्ध उरुळी देवाची व फुरसुंगी येथील ग्रामस्थांनी वेळोवेळी केलेली आंदोलने हेही दाखवितात की, शहराने नजरेआड केलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती दुसऱ्याच्या दारी जाते.

या इतिहासाची साधने विखुरलेली आहेत. पालिकेच्या अहवालांत प्रामुख्याने गाड्या, सफाई कामगार व खर्च यांची नोंद होते. वेचून नेलेला माल पालिकेच्या गाडीत चढतच नाही, म्हणून तो हिशेबाबाहेर राहतो. घरखर्चाच्या वह्या, भंगार दुकानांतील पावत्या व कचरावेचक स्त्रियांच्या मौखिक आठवणी यांकडे संशोधकाने वळणे त्यामुळे आवश्यक ठरते.

बोहारणीपासून ‘स्वच्छ’पर्यंतच्या या वाटचालीत पुनर्वापर हा नवा शोध नव्हता. बदलत गेला तो हक्क. दाराशी घासाघीस करून ठरणारे मोल कुंडीपाशी हरवले आणि संघटनेच्या बळावर ते पुन्हा दाराशी आले. मात्र पूर्वी त्या मोलाचा वाद वस्तूच्या किमतीवर होता. आज तो श्रमाच्या किमतीवर आहे, आणि तो अद्याप मिटलेला नाही.