मंचाखालचा कवि

हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें गांव संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून पूजिलें जातें. ज्या बोलींत शिंपी, माळी, कुंभार आपला संसार करीत, त्याच बोलींत नामदेवांनीं देवाशीं प्रेमाचें भांडण मांडलें. आणि पंडितांनीं हेटाळलेली ती बोली पुढें आमची साहित्यभाषा झाली. हा वारसा आम्ही अभिमानानें सांगतों. परंतु त्याच जिल्ह्यांत, कळमनुरी व औंढा नागनाथ ह्या भागांत राहणाऱ्या आंध आदिवासींच्या मुखीं असलेल्या गाण्यांस आम्ही साहित्य म्हणतों काय? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना दृष्टि सहजच खानदेशाकडे वळते.

शहादें परिसरांतील भिल्लांच्या जमिनी सावकारीच्या पाशांत सांपडून परहस्तगत झाल्या होत्या. त्या सोडविण्यासाठीं व मजुरांस न्याय्य वेतन मिळावें म्हणून १९७२ सालीं श्रमिक संघटना उभी राहिली. तिच्या कार्यकर्त्यांपैकीं वाहरू सोनवणे हे स्वतः भिल्ल. त्यांचा 'गोधड' हा काव्यसंग्रह १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. मराठीबरोबर आपल्या भिलोरी बोलींतही त्यांनीं कविता लिहिली.

त्यांच्या 'स्टेज' ह्या कवितेंतील प्रसंग साधाच आहे: आदिवासी मंचाखालीं बसलेला, आणि त्याच्या दुःखाचें वर्णन मंचावरून दुसराच कोणी करीत आहे. येथें कवीचा रोख सावकारावर नाहीं; तो हितचिंतकांवर, म्हणजे आपणांसारख्या सुशिक्षितांवर आहे. सावकारानें जमीन नेली, तर हितचिंतकानें वाणी नेली! मग सुशिक्षितांनीं साह्यच करूं नये काय? अवश्य करावें, परंतु साह्य करणें निराळें आणि दुसऱ्याच्या वतीनें बोलत राहणें निराळें. जमिनीचा लढा व कवितेचा लढा हे सोनवण्यांच्या ठायीं एकच होते, हें ध्यानीं घेतलें म्हणजे हा भेद स्पष्ट होतो.

कोणी म्हणेल, लिपि नाहीं ती भाषा कसली? २०११ च्या जनगणनेंत भिली भाषा, तिच्यांत गणलेल्या बोलींसह, सांगणारे सुमारे १ कोटी ४ लक्ष लोक आढळले, आणि संस्कृत सांगणारे २४,८२१. तरीही घटनेच्या आठव्या परिशिष्टांत संस्कृतास स्थान आहे, भिलीस नाहीं. संस्कृताचा मान उणा व्हावा असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु भाषेची प्रतिष्ठा बोलणारांच्या संख्येवर ठरत नसून त्यांच्या सामाजिक स्थानावर ठरते, एवढें ह्यावरून निश्चित होतें.

१९९० सालीं पालघर येथें भरलेल्या आदिवासी साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष सोनवणेच होते. मंचाखालचा कवि मंचावर आला. पण त्यासाठीं आदिवासींना स्वतःचा मंच उभारावा लागला, हेंही विसरतां येत नाहीं.

आज हिंगोलीकडील आंधांची बोली मराठीच आहे. त्यामुळें त्यांचें वेगळेपण आमच्या कानांस जाणवतही नाहीं. त्यांच्या मुलानें शाळेंत घरचा शब्द उच्चारला तर तो 'अशुद्ध' म्हणून खोडण्यापूर्वीं गुरुजींनीं त्याचा अर्थ त्या मुलासच विचारावा. नामदेवांच्या जिल्ह्यांत एवढी अपेक्षा फार मोठी नव्हे.