खैरलांजी : कायद्यातील एका अटीचा इतिहास
२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. दलित समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा तपास सीबीआयकडे गेला. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. पण अॅट्रॉसिटी कायदा लावला नाही. २०१० साली नागपूर खंडपीठानेही हे खून साक्षीच्या सूडातून झाले, जातीमुळे नव्हे, असेच मानले. फाशीची जन्मठेप झाली. पण दलित स्त्रीने साक्ष द्यावी हेच ज्यांना खुपते, त्यांच्या सूडाला जात नसते काय? तेव्हा गुन्हा ‘जातीच्या कारणावरून’ घडल्याचे सिद्ध करावे लागे. चळवळीच्या रेट्याने २०१५ साली ती अट बदलली; पीडिताची जात ठाऊक असणे पुरेसे ठरले. मोर्चाने तपास मिळतो. न्यायासाठी कायद्याचा शब्दही लढून बदलावा लागतो.